पोलंडात शिकलेली मराठी

परदेशात जाऊन मी मराठी शिकले असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मी रायपूरची. बाप यवतमाळकडचा, आई इथलीच, ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात वाढलेली. दोघंही मराठी, आणि तरी वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत माझ्या तोंडून मराठीचं एक धड वाक्य निघालं नव्हतं. कळायचं सगळं. बाबा विचारायचे, "जेवली का वं?" मी म्हणायचे, "हाँ पापा, खा लिया." ते विचारायचे, "काहून उशीर झाला?" मी म्हणायचे, "एक्स्ट्रा क्लास थी." रायपुरात अशी घरं पुष्कळ आहेत. आईबाप मराठीत विचारतात, पोरं हिंदीत उत्तर देतात, आणि यात काही बिनसलंय असं कुणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होते. तात्यापाऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर, खाली दुकान, वर आम्ही. मी आठवीत असताना आई गेली, आणि घरात बाबांना मराठीत उत्तर देणारं माणूस उरलं नाही. हे मला आत्ता कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं की बाबा दिवसेंदिवस कमी बोलतात. आई गेल्यामुळे असेल, असं सगळे म्हणायचे. मीही तेच धरून बसले होते. माझा मोठा भाऊ, त्याला मी भैया म्हणते, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तोही हिंदीतच बोलायचा. आम्ही दोघं दिवसभर बडबडायचो आणि बाबा शेजारी बसून पेपर वाचायचे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या कॉलेजातून तिघांना एका सेमिस्टरसाठी पोलंडला पाठवणार होते. त्यात माझा नंबर लागला. भैया म्हणाला, "मरेगी वहाँ ठंड में." बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "जा. आपल्या घरातून कोणी त इतक्या दूर जाऊ दे." बस, एवढंच. मला वाटलं होतं नको म्हणतील, मग मी भांडेन, मग ते ऐकतील. भांडायची संधीच दिली नाही त्यांनी.

तिथे एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघी होतो. एक लखनौची, एक दिल्लीची, एक काठमांडूची आणि मी. चौघींनाही हिंदी समजायची. फ्लॅटला एकच स्वयंपाकघर, आणि फोनला नेट चांगलं पकडायचं ते त्याच खोलीच्या खिडकीपाशी. बाबांशी फोन दोन मिनिटांत संपायचा. खाना खाया, हाँ, ठंड है, हाँ, रखती हूँ. घरी असताना हे खटकत नव्हतं, कारण शेजारच्या खोलीत माणूस असायचं. तिथे फोन ठेवला की आपलं कुणीच नसायचं, आणि त्याचा राग मी मनातल्या मनात बाबांवर काढायचे. बोलायला काय जातं या माणसाचं?

मग कुकरचं झालं. लखनौवालीने माझा कुकर घेतला, त्यात डाळ जाळली आणि तसाच सिंकमध्ये टाकून क्लासला गेली. मी बाबांना फोनवर तिची सगळी गाऱ्हाणी सांगत होते, हिंदीत, मोठ्या आवाजात, आणि ती मागे दारात उभी. मग जे व्हायचं ते झालं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि बाकीच्या दोघी तिच्या बाजूने. पुढच्या फोनवर मी कुजबुजत बोलायला लागले तर बाबा म्हणाले, "मराठीत सांग ना बापा. तिथं कोणाले समजते?"

इतकी साधी गोष्ट. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. कानात वीस वर्षांची मराठी भरलेली, आणि जिभेवर काही नाही. "बाबा, ती... तिने कुकर... जळवली," असं काहीतरी मी म्हटलं. आईच्या माहेरचे असते तर खो खो हसले असते. बाबा हसले नाहीत. "हळू सांग," म्हणाले. "मी कुठी चाललो?"

त्याच महिन्यात आम्हाला पोलिश भाषेचा एक कोर्स सक्तीचा होता. पांढऱ्या केसांची एक बाई दर मंगळवारी आम्हा वीस-पंचवीस घोड्यांकडून म्हणून घ्यायची: हे टेबल आहे, मला सूप आवडतं, माझी बहीण उंच आहे. मला बहीण नाही, तरी मी म्हणायचे. चुकलं की ती मान हलवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. लाज कुणालाच वाटत नव्हती. एका मंगळवारी वर्गातून बाहेर पडताना माझ्या मनात आलं की एका अनोळखी बाईसमोर तिच्या भाषेत मी बिनदिक्कत बोबडं बोलते, आणि सख्ख्या बापासमोर त्याच्या भाषेत बोबडं बोलायला मरते. त्या दिवशी मी आपणहून फोन लावला आणि ठरवलं, आज एकही हिंदी वाक्य नाही. अर्ध्या तासात मी घामाघूम झाले. बाहेर बर्फ पडत होता.

नंतर रोजचंच झालं. दुपारी साडेतीनला तिथे अंधारून यायचं, तेव्हा रायपुरात रात्रीचे आठ. मी खिडकीपाशी स्टूल घेऊन बसायचे. दोन मिनिटांचे वीस झाले, वीसचे चाळीस. फ्लॅटमधल्या पोरींना काही कळत नव्हतं, म्हणून मी त्यांची यथेच्छ निंदा करायचे आणि बाबा तिकडून म्हणायचे, "असू दे, पोट्ट्या लहान आहेत, घर सोडून आल्या." त्या माझ्याच वयाच्या होत्या. बाबा विनोदी आहेत हे मला तिथे कळलं. एकविसाव्या वर्षी. त्यांना नकला करता येतात हेही तिथेच कळलं. आजोबांचं सायकलचं दुकान, बाविसाव्या वर्षी ट्रंक घेऊन रायपूर स्टेशनवर उतरणं, आईला बघायला ब्राह्मणपाऱ्यात गेले तेव्हा जिन्यावरून पाय घसरला ते, सगळं. एवढी वर्षं हे कुठे ठेवलं होतं? आम्ही विचारलंच नव्हतं. आणि विचारलं असतं तरी हिंदीत विचारलं असतं, आणि हिंदीत बाबांना फक्त पार्सलबद्दल बोलता यायचं.

त्यांच्या हिंदीची ऑफिसात थट्टा व्हायची. "गाड़ी आकर राहिली है," असं एकदा बोलून गेले आणि निवृत्त होईपर्यंत लोक त्यांना त्याच वाक्याने हाक मारायचे. हे ते हसत हसत सांगत होते. मग त्याच ओघात म्हणाले, "एकदा तुमच्या शाळेत आलो होतो, पालक सभेले. मॅडमले म्हटलं, पोट्टे अभ्यास करून राहिले ना बरोबर? सगळे हसले. गेटवर आल्यावर म्हणे, पापा, आप मत आया करो. मंग नाई गेलो."

मी स्टुलावरून उठलेच. आई असतानाही बाबा शाळेत कधीच यायचे नाहीत, आई यायची, आणि ती गेल्यावर कुणीच नाही. मला वाटायचं, यांना आमच्या शिक्षणाची पडलेली नाही. "भैया पहिल्यापासून असाच," मी म्हटलं. तो तेव्हा आठवीत असणार, आरशासमोर तास तास भांग पाडणारा. बाबांच्या जुन्या स्कूटरवर बसायला लाजणारा. दुसरं कोण म्हणणार?

बाबा म्हणाले, "जाऊ दे. लहान होते पोट्टे. तू जेवाले काय केलं आज?"

मी जाऊ दिलं नाही. डोक्यात ठेवलं.

फेब्रुवारीत परत आले. विमानतळावर दोघं घ्यायला आले होते. मी म्हटलं, "बाबा, मी आली." फोनवर रोज बोलत होतो, तरी समोरासमोर पहिल्यांदाच. बाबांनी माझी बॅग घेतली आणि दुसरीकडे बघत राहिले. भैया म्हणाला, "वाह, पोलैंड से मराठी सीखके आई है. अब पुणे भेजेंगे तो पोलिश सीखेगी." बाबासुद्धा हसले. मी नाही हसले. मला दिसत होता तो शाळेच्या गेटवर उभा.

तिथल्या एका प्राध्यापकाने मास्टर्ससाठी परत ये म्हणून सांगितलं होतं आणि मी हो म्हणून आले होते. गेले नाही. कॉलेजवाले अजून अधूनमधून बोलावतात, बाहेर जाणाऱ्या मुलांना अनुभव सांगा म्हणून. तिथे मी कोट कुठला घ्यावा आणि क्रेडिट कसे जुळवावेत ते सांगते. खरं सांगायचं तर त्या सेमिस्टरने मला परत रायपुरात आणून बसवलं. यात त्याग वगैरे काही नव्हता. तो शब्द कुणी काढला की मला राग येतो. तो माझा हावरटपणा होता. बाप नुकता सापडला होता आणि त्याला सोडून जायचं नव्हतं. नव्या रायपुरात नोकरी मिळाली. रोज संध्याकाळी घरी आले की बाबा चहा टाकायचे आणि आम्ही बोलत बसायचो. भैया बँकेतून यायचा, शेजारीच बसायचा. त्याला सगळं समजत होतं. मध्येच तो हिंदीत काही म्हणायचा, बाबा त्याला मराठीत उत्तर द्यायचे, आणि मी लगेच बोलणं माझ्याकडे वळवायचे. हे मी मुद्दाम करायचे. ती मराठी माझी होती, मी बर्फात बसून मिळवलेली. त्याला कशाला देऊ?

तीन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी बाबा न्हाणीत पडले. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. इस्पितळात आठव्या दिवशी डॉक्टरांनी पेन समोर धरून विचारलं, "बाबूजी, ये क्या है?" बाबा नुसते बघत राहिले. "आपका नाम बताइए." काही नाही. "हाथ ऊपर कीजिए." काही नाही. डॉक्टर फाइलमध्ये लिहायला लागले की समज राहिलेली नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, डावा हात वर करा." त्यांनी केला. "हे काय आहे?" बराच वेळ ओठ हलले आणि आवाज आला, "पेन होय ना वं."

डॉक्टर भले होते. लिहिलेलं खोडलं आणि म्हणाले, कधी कधी असं होतं, नंतर शिकलेली भाषा जाते आणि आईकडून आलेली राहते. पाणी, चहा एवढे शब्द हिंदीतले कळत होते. वाक्य आलं की ते हरवून जायचे. पस्तीस वर्षं ज्या भाषेत नोकरी केली ती एका सकाळीत पुसली गेली. भैया पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो म्हणाला, "पापा, मैं हूँ." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, हा काय म्हणतो असं.

घरी आणल्यावर चार महिने मी भैयाचं तोंड झाले. बाबा त्याला म्हणायचे, "दमला का रे?" त्याला समजायचं. तो उत्तर द्यायला जायचा आणि हिंदी निघायची, बाबांचा चेहरा कोरा व्हायचा, मग मी सांगायचे, "दमला नाई म्हणतो. बँकेत गर्दी होती." एकत्र वाढलेली आम्ही दोन माणसं, आणि बापाशी बोलायला एकाला दुसऱ्याची गरज लागावी. त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. दोन शब्द यायचे, तिसऱ्याला अडखळायचा, बाबा कान देऊन ऐकायचे, तो घाबरून पुन्हा हिंदीत जायचा. मला त्याची दया यायची आणि बरंही वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटायचं. घे आता, असं वाटायचं.

एका रविवारी दुपारी बाबा झोपले होते. भैयाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "पापा से एक बात बोलनी है. मैं हिंदी में बोलूँगा, तू मराठी में बता देना."

"कौन सी बात?"

"पुरानी है. स्कूल वाली."

मी हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. "मुझे सब पता है," मी म्हटलं. "बाबांनी मला पोलंडला असतानाच सांगितलंय."

तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. "तुझे पता है? पूरा?"

"पूरा. और जिसको माफ़ी माँगनी है वो अपने मुँह से माँगे. इतने साल घर में मराठी बोली गई, एक लाइन नहीं सीख सके? मी नाही सांगणार."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता, आणि मला वाटलं पकडला गेला म्हणून गोंधळलाय. "ठीक है," म्हणाला आणि बाहेर गेला. त्या संध्याकाळी तो बाबांच्या शेजारी बसला, त्यांचा डावा हात धरून, दोन्ही बाजूंनी एक शब्द नाही. मी दारातून पाहिलं आणि आत गेले नाही.

गुरुवारी सकाळी बाबांना दुसरा झटका आला. इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, घर रिकामं झालं. आम्ही दोघं बाबांची भाड्याने आणलेली खाट परत द्यायला मोकळी करत होतो. मी एका बाजूचे पट्टे सोडत होते, तो दुसऱ्या. माझा राग कधीच उतरला होता. त्याला त्या दिवशी बोलू दिलं नाही याची टोचणी लागली होती, आणि मला वाटत होतं की मोठ्या मनाने ती कबूल करावी. म्हणून मी म्हटलं, "उस दिन मुझे बोल देना चाहिए था तेरी तरफ़ से. ग़लती हुई. बच्चे थे तुम, आठवी में. गेट पे मुँह से निकल गया."

त्याने पट्टा सोडून माझ्याकडे पाहिलं. "मेरे मुँह से?"

"स्कूल के गेट पे. पापा, आप मत आया करो."

मग अगदी हळू म्हणाला, "वो तूने बोला था. तू चौथी में थी. फ़्रॉक पकड़के रो रही थी कि सब हँसे. मैं तो बाजू में खड़ा था." मग म्हणाला, "पापा ने रास्ते में मुझे बोला था, इसे कभी याद मत दिलाना. इसलिए कभी नहीं बोला. उस दिन तूने कहा तुझे पूरा पता है, तो मैंने सोचा, पापा ने ख़ुद बता दिया होगा, और तू माफ़ी माँग चुकी होगी."

"तो तुझे क्या बोलना था उनसे?"

"यही कि मैं बड़ा था. मुझे बोलना चाहिए था कि नहीं पापा, आप आओ."

मी खाटेच्या कडेवर बसले. फ्रॉक आठवेना, गेट आठवेना, काही म्हणजे काही आठवेना. आठवला तो पोलंडमधला फोन, आणि मी भैयाचं नाव घेतल्यावर बाबांनी विचारलेलं, जेवाले काय केलं आज. त्यांनी मला ती गोष्ट सांगितली होती. माझीच गोष्ट, माझ्याच तोंडावर, मी नुकत्या शिकलेल्या त्यांच्या भाषेत, आणि मी ती दुसऱ्याच्या माथी मारताना त्यांनी ऐकून घेतलं होतं.

पोलंडातला तो हिवाळा, नंतरची तीन वर्षं आणि शेवटचे चार महिने, रोज मी बाबांशी मराठीत बोलले. त्यांना हवं नको ते सगळं विचारलं, त्यांची सगळी बोलणी सगळ्यांना समजावून सांगितली. माफी तेवढी मागितली नाही, कारण ती भैयाने मागायची होती.